पीन्याच्या शेडमधली हवा

समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक छायाचित्र फिरत असते. बैलगाडीवर ठेवलेला एक उपग्रह, शेजारी गाडीवान. खालचा मजकूरही बहुधा ठरलेला असतो: साधने नव्हती, पण जिद्द होती. छायाचित्र खरे आहे. तो उपग्रह म्हणजे 19 जून 1981 रोजी एरियान रॉकेटने अवकाशात गेलेला ‘ॲपल’, भारताचा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह. परंतु गाडीमागचे कारण मजकुरात सहसा नसते. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागेत घ्यायची होती आणि धातूचे वाहन विद्युतचुंबकीय लहरींच्या मोजमापात अडथळा आणणारे होते. लाकडी गाडी ही त्या मोजमापाची गरज होती. बैलगाडी तेथे गरिबीने आणली नव्हती, भौतिकशास्त्राने आणली होती.

असाच गैरसमज त्या उपग्रहाच्या जन्मस्थानाबद्दलही आहे. ‘ॲपल’ आणि त्याआधीचा ‘आर्यभट’ हे बेंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या शेडमध्ये घडले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितलीच पाहिजे. मात्र तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. तेव्हापासून चिपच्या बातम्यांखाली एक प्रश्न हमखास दिसतो: शेडमध्ये उपग्रह होऊ शकतो, तर एखादी जुनी इमारत दुरुस्त करून तिच्यात चिप का करता येऊ नये? प्रश्न वेडगळ नाही. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात मिळत नाही इतकेच. ते मिळवायचे तर पीन्याच्या शेडमध्ये नेमके काय बदलले होते, हे पाहावे लागते.

डिसेंबर 1971 मध्ये विक्रम साराभाईंचे निधन झाले, तेव्हा भारताने एकही उपग्रह बांधलेला नव्हता. मे 1972 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार झाला: उपग्रह भारताने बांधायचा, सोव्हिएत रॉकेटने तो कक्षेत सोडायचा. प्रकल्पाची सूत्रे उडुपी रामचंद्र राव यांच्याकडे होती. त्याच वर्षी इस्रोचे अध्यक्षपद स्वीकारलेले सतीश धवन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकही होते, त्यामुळे अवकाश कार्यक्रमाचे केंद्र या शहराकडे सरकले. राज्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते. कर्नाटक हे नाव 1 नोव्हेंबर 1973 रोजी आले. नवी प्रयोगशाळा बांधायला वेळ नव्हता. शहराच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगतच्या पीन्यात औद्योगिक शेड उपलब्ध होत्या, त्या घेतल्या गेल्या आणि सप्टेंबर 1972 मध्ये काम सुरू झाले. 19 एप्रिल 1975 रोजी कापुस्तिन यार येथून आर्यभट झेपावला. शेडचा ताबा आणि उड्डाण यांत जेमतेम दोन वर्षे सात महिन्यांचे अंतर होते.

उपलब्ध इमारतीत विज्ञान उभे करण्याची रीत तेव्हा नवी नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1945 मध्ये मुंबईच्या पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात संसार मांडला आणि 1949 मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याची स्वतःची वास्तू तिला 1962 मध्ये मिळाली. थुंब्याला सेंट मेरी मॅग्डेलीनचे चर्च कार्यशाळा झाले आणि बिशपचे निवासस्थान कचेरी. ती जागा शोधण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते आणि तेथे राबणाऱ्या पहिल्या तरुण अभियंत्यांत प्रमोद काळे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तिथून पहिले रॉकेट सुटले. अमेरिकेतही वेगळे घडत नव्हते. विल्यम शॉकली यांनी 1956 मध्ये ज्या प्रयोगशाळेतून सिलिकॉनच्या युगाला कॅलिफोर्नियात आणले, ती माउंटन व्ह्यू गावातल्या एका जुन्या शेडवजा इमारतीतच होती. आर्यभटच्या काळात बेंगळुरूतल्या एका स्वच्छतागृहाचे उपग्रहाकडून येणारी माहिती टिपण्याच्या केंद्रात रूपांतर झाले होते, हा किस्सा तर सर्वश्रुत आहे.

पण यॉट क्लबात गणित करणे किंवा चर्चमध्ये रॉकेटचे सुटे भाग जुळवणे आणि शेडमध्ये उपग्रह जोडणे यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या दोन कामांत इमारत छप्पर पुरवते. तिसऱ्यात तिला हवा पुरवावी लागते.

ही हवा कशी असावी याचे शास्त्र पीन्याच्या शेड ताब्यात आल्या तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी अतिसूक्ष्म गाळण्या विकसित झाल्या. आज त्यांना ‘हेपा’ म्हणतात. 0.3 मायक्रॉन व्यासाचे किमान 99.97 टक्के कण त्या अडवतात. इथे 0.3 हा आकडा का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडायला हवा. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, त्याहून लहान कण ब्राउनियन गतीने भरकटत तंतूंना चिकटतात. दोन्ही यंत्रणा दुबळ्या पडतात तो आकार या मधल्या पट्ट्यात येतो. म्हणजे गाळणीची परीक्षा तिला सर्वांत कठीण जाणाऱ्या कणावर घेतली जाते. जाता जाता एक विरोधाभास: सुरुवातीच्या या गाळण्यांच्या कागदात ॲस्बेस्टॉसचेच तंतू असत. पीन्याचे छप्पर आणि जुन्या गाळणीचा कागद एकाच खनिज कुळातले.

गाळणी होती, तरी स्वच्छ खोली साधत नव्हती. दाबाने स्वच्छ हवा आत सोडली की ती खोलीत भोवरे करत फिरे आणि माणसांच्या अंगावरून सुटलेले कण वेफरवर नेऊन टाकी. कण खाली बसतील म्हणून वाट पाहण्यातही अर्थ नव्हता. पाण्याइतक्या घनतेचा 0.5 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम शतांश मिलिमीटर खाली येतो. एक मीटर उतरायला त्याला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड यांनी या अडचणीवर उपाय शोधला आणि तो आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. खोली झाडू नका, हवेलाच झाडू करा. छताचा मोठा भाग गाळण्यांनी व्यापायचा, जमीन जाळीदार करायची आणि हवा वरून खाली संथ, एकसारख्या वेगाने वाहू द्यायची. कण जिथे निर्माण होईल तिथून सरळ खाली वाहून जातो. मोजणी केली तेव्हा खोली तोवरच्या खोल्यांच्या सुमारे हजारपट स्वच्छ निघाली. 1963 मध्ये अमेरिकेत स्वच्छतेचे वर्ग ठरवणारे प्रमाणक आले: एका घनफूट हवेत 0.5 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे शंभरच कण असतील तर ‘वर्ग 100’, एक लाख असतील तर ‘वर्ग 1,00,000’. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात याच पायऱ्यांना अनुक्रमे आयएसओ 5 आणि आयएसओ 8 म्हणतात.

आता हिशेब मांडू. शंभर चौरस मीटरची, तीन मीटर उंचीची एक खोली घ्या. उपग्रह जोडणीची दालने साधारणपणे आयएसओ 8 च्या आसपासची असतात. त्यासाठी खोलीतली हवा तासाला वीसेक वेळा बदलली तरी भागते. म्हणजे तीनशे घनमीटरच्या खोलीसाठी तासाला सहा हजार घनमीटर गाळलेली हवा. चांगल्या वातानुकूलन यंत्रणेला गाळण्यांची जोड दिली, दारांना दुहेरी कक्ष केले, भिंतींच्या फटी बुजवल्या की एखाद्या शेडमध्ये हे जमवता येते. आता त्याच खोलीत लिथोग्राफी करायची आहे असे समजा. फोटोरेझिस्टचा थर दिलेली चकती उघडी राहणार, म्हणून आयएसओ 5 हवे आणि त्यासाठी व्हिटफील्डचा खाली वाहणारा प्रवाह. त्याचा रूढ वेग सेकंदाला 0.45 मीटर. शंभर चौरस मीटरच्या छतातून दर सेकंदाला 45 घनमीटर हवा उतरणार, सुमारे साडेसहा सेकंदांत खोलीतली सगळी हवा बदलणार. तासाला 540 वेळा. वीस आणि 540, एवढे अंतर आहे उपग्रहाच्या दालनात आणि चिपच्या दालनात.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे. एकवीस अंश सेल्सियसला तिथल्या हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.08 किलोग्रॅम भरते. समुद्रकाठी ती 1.2 असते. तरीही वरच्या खोलीतून सेकंदाला सुमारे 48 किलो आणि तासाला सुमारे 174 टन हवा फिरवावी लागते. हवा विरळ, म्हणून तेवढ्याच घनफळात ती कमी उष्णता वाहून नेते आणि मुंबईच्या गणिताने निवडलेला पंखा इथे यंत्रांची उष्णता काढायला दहाएक टक्के तोकडा पडतो. बेंगळुरूच्या सुखद हवामानाचे कौतुक करणाऱ्यांना ही किंमत सहसा ठाऊक नसते. अर्थात दमट किनारपट्टीच्या तुलनेत हवेतली आर्द्रता काढण्याचा खर्च इथे वर्षाचे बरेच महिने वाचतो, हेही जमेला धरायला हवे.

एवढ्या स्वच्छतेचा हट्ट कशासाठी, तेही आकड्यांत पाहणे बरे. वेफरवरच्या एका चिपवर सरासरी एक घातक कण पडत असेल तर पॉइसाँच्या वितरणानुसार सुमारे 37 टक्के चिप निर्दोष सुटतात. सरासरी दोन झाली की 14 टक्क्यांहून कमी. तीन झाली की पाच टक्के. स्वच्छतेत सूट दिली तर उत्पादन थोडे घटते असे नाही, ते कोसळते. संशोधनात तोटा आणखी वेगळा असतो. कारखान्याला निदान कळते की चिप बिघडली. संशोधकाच्या हाती वर्षभरात चार-पाच नमुने येतात आणि त्यांतला एक विचित्र वागला तर तो नवा भौतिक परिणाम की भिंतीच्या रंगाचा उडालेला कण, हे ठरवण्यात त्याचे आणखी वर्ष जाते.

पीन्यात राव यांच्या चमूने जे केले त्याचे मोल इथे नीट कळते. आर्यभट 360 किलोचा, 26 पृष्ठांचा. त्याचे सौरघट आणि बॅटऱ्या सोव्हिएत संघातून आल्या होत्या. अर्धवाहक थर पीन्यात घडवले जात नव्हते, घडवलेले घटक तिथे जोडले जात होते. त्या कामाला कोणती हवा पुरेशी आहे, हे ओळखून तेवढीच तिथे निर्माण केली गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रयोगांचा वीजपुरवठा बिघडला आणि आर्यभटवरचे वैज्ञानिक प्रयोग थांबले, हे खरे आहे. त्याचा दोष शेडला देण्याचे कारण मात्र नाही: उपग्रहाचा उर्वरित भाग त्यानंतर कित्येक वर्षे संकेत पाठवत राहिला. जागा कामापेक्षा कमी प्रतीची नव्हती, म्हणून शेड चालली. हे वाक्य ‘शेडमध्येही चालते’ या वाक्याहून फार वेगळे आहे.

गंमत म्हणजे खरेखुरे अर्धवाहक त्याच परिसरात घडत होते. पीन्याजवळच्या जलहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 मध्ये जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचे उत्पादन सुरू केले होते आणि दशक संपण्याआधी ती कंपनी सिलिकॉनकडे वळली होती. तो कारखाना होता, स्वतःच्या कामासाठी मांडलेला. शेजारी शेजारी दोन जागा, दोन वेगवेगळ्या हवा.

विद्यापीठे आणि संशोधन संस्थांची वाट अधिक अवघड होती. विभागाच्या जुन्या इमारतीत एक खोली मिळे आणि तिच्यातच पार्टिशन, फॉल्स सीलिंग, गाळण्यांचे दोन-चार खोके बसवून ‘स्वच्छ खोली’ तयार होई. अशा खोल्यांत चांगले शोधनिबंध लिहिले गेले आणि चांगले विद्यार्थीही घडले. पण इमारत तिच्या पद्धतीने प्रतिकार करत राहिली आणि तो प्रतिकार कोणत्या दिशांनी येतो हे जाणल्याशिवाय नूतनीकरणाचा प्रश्न कळत नाही.

पहिला प्रतिकार उंचीचा. वर्गखोल्यांसाठी बांधलेल्या इमारतीत एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत साडेतीन मीटरच्या आसपास अंतर असते आणि त्यातून तुळईची जाडी वजा होते. व्हिटफील्डच्या खोलीला मात्र तीन मजले लागतात. खाली हवा परत नेणारा पोकळ तळ, मध्ये माणसांचा आणि यंत्रांचा कक्ष, वर गाळण्या आणि डक्ट. मिळून साडेपाच-सहा मीटर. मग तडजोडी सुरू होतात. हवा जमिनीतून परत न नेता बाजूच्या भिंतींतून न्यायची. सगळी खोली आयएसओ 5 न करता चिंचोळे स्वच्छ पट्टे करायचे आणि त्यांच्यामध्ये यंत्रांच्या पाठी बाहेर काढलेले सेवाबोळ ठेवायचे. मोठी वातानुकूलन यंत्रे गच्चीवर चढवायची. कधी मधला स्लॅबच फोडून दोन मजल्यांचा एक करायचा. यातली प्रत्येक युक्ती जगभर वापरली गेली आहे आणि तीत कमीपणा काही नाही. परंतु गच्चीवर यंत्र चढवले की दुसरा प्रतिकार जागा होतो.

तो कंपनांचा. माणसाला कार्यालयात जे कंपन खटकत नाही, त्याचा वेग सेकंदाला सुमारे 400 मायक्रॉनपर्यंत असू शकतो. इलेक्ट्रॉन शलाकेने काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या रेषा काढणाऱ्या यंत्राला साधारण सहा मायक्रॉनच्या आत राहणारी जमीन लागते. चौसष्टपट शांत. स्लॅब मजबूत आहे की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. इमारत कोसळणार नाही एवढे बळ आणि ती थरथरणार नाही एवढा ताठपणा या दोन वेगळ्या राशी आहेत. दोन टेकूंवरच्या तुळईचे झुकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मध्ये एक खांब दिला तर अंतर निम्मे होऊन ताठपणा आठपट होतो. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात तो खांब खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत मधोमध उभा राहतो, आणि तिथे स्थापत्य अभियांत्रिकी संपून विभागीय राजकारण सुरू होते. म्हणूनच जुन्या इमारतीत नाजूक यंत्रे तळमजल्यावर, आजूबाजूच्या फरशीपासून कापून वेगळ्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवली जातात. ट्रकच्या वाहतुकीच्या रस्त्यालगत तेही पुरत नाही, कारण कमी वारंवारितेची कंपने जमिनीतूनच येतात.

तिसरा प्रतिकार वायूंचा. हवा आणि कंपन बिघडले तर प्रयोग वाया जातो. इथे चूक झाली तर माणूस जातो. सिलेन हवेचा स्पर्श होताच पेट घेतो. फॉस्फीन आणि आर्सीन अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांतल्या कॅल्शियमपर्यंत पोहोचते. या वायूंच्या टाक्या इमारतीबाहेर वेगळ्या कोठीत हव्यात, नळ्या दुहेरी भिंतींच्या, गळती हुंगणारे संवेदक जागोजागी, बाहेर पडणारी हवा धुणारी यंत्रणा आणि अडथळा नसलेला सुटकेचा मार्ग. क्लीनरूममध्ये हवा अखंड फिरत असल्याने धूर आणि वायूही त्याच वेगाने फिरतात, हे विसरून चालत नाही. ज्या इमारतीचे जिने आणि बोळ पन्नास वर्षांपूर्वी वर्गांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आखले, तिच्यात हे नंतर घुसवणे हेच नूतनीकरणातले सर्वांत खर्चिक आणि सर्वांत कमी छायाचित्रे निघणारे काम.

इमारत गमावण्याचा अर्थ काय असतो हे देशाने फेब्रुवारी 1989 मध्ये पाहिले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 1984 पासून पाच मायक्रॉन तंत्रज्ञानावर चिप बनत होत्या. तो कारखाना आगीत जळाला. पुन्हा उत्पादन सुरू व्हायला नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. अर्धवाहकांच्या इतिहासातली ही वर्षे साधी नव्हती. जग त्या काळात मायक्रॉनकडून नॅनोमीटरच्या उंबरठ्यावर आले. पैसा पुन्हा उभा करता येतो, यंत्रे पुन्हा मागवता येतात. त्या वर्षांत जे अभियंते हातातली सवय गमावतात किंवा देश सोडतात, त्यांची नोंद कोणत्या नुकसान-पत्रकात होत नाही.

बेंगळुरूत निर्णायक वळण आले ते 2006 च्या सुमारास. केंद्र सरकारच्या पाठबळाने भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे उभारायला घेतली. 2008 मध्ये त्यांना जोडून एक कार्यक्रम सुरू झाला, ज्यामुळे देशातल्या कोणत्याही महाविद्यालयातला संशोधक या दोन ठिकाणी येऊन आपला नमुना घडवू शकतो. सोलापूर किंवा तेजपूरच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विभागात अर्धीमुर्धी स्वच्छ खोली बांधण्याची गरज त्याने संपवली. अर्धवाहक संशोधनासाठी झालेल्या अलीकडच्या निर्णयांत या निर्णयाचे श्रेय सर्वांत कमी बोलले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. 2010 मध्ये विज्ञान संस्थेत नॅनो विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्र स्थापन झाले. रुद्र प्रताप, नवकांत भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जुन्या विभागांतल्या खोल्या वाढवत नेण्याऐवजी मुळात क्लीनरूमसाठीच आखलेली इमारत निवडली. सुमारे 14,000 चौरस फुटांची ती क्लीनरूम आज देशातल्या शैक्षणिक संस्थांतल्या मोठ्या सुविधांपैकी एक आहे. पीन्यापासून ती काही किलोमीटरवरच आहे.

मग जुन्या इमारतींचा प्रश्न मिटला का? उलट तो आता पुन्हा उघडतो आहे, आणि त्याला कारण सिलिकॉन नाही. गॅलियम नायट्राइडचा ऊर्जापट्टा 3.4 इलेक्ट्रॉन व्होल्टचा, सिलिकॉनच्या तिप्पट. त्यामुळे चार्जर, रडार, विजेवरच्या गाड्या यांत तो जास्त व्होल्टेज आणि जास्त वारंवारिता पेलतो. त्याच्या ट्रान्झिस्टरात मूळचा एक दोष असतो: गेटला व्होल्टेज दिले नाही तरी तो चालूच राहतो. याच संस्थेतल्या संशोधकांनी गेटखाली ॲल्युमिनियम-टायटॅनियम ऑक्साइडचा थर वापरून, बंद अवस्थेत खरोखर बंद राहणारा देशातला पहिला गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर घडवला. या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, अशा शक्ति-उपकरणांतले अनेक आकार मायक्रॉनच्या घरातले असतात, काही नॅनोमीटरचे नव्हेत. हवेची आणि कंपनाची अट सैल होते, मधल्या उंचीच्या इमारतीला संधी मिळते. त्याच वेळी वायूंची अट आवळली जाते. हा पदार्थ हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत वाढवतात, अमोनिया आणि हायड्रोजनच्या प्रवाहात. जी इमारत उंचीच्या परीक्षेत काठावर उत्तीर्ण होते, ती सुटकेच्या मार्गात अनुत्तीर्ण होऊ शकते.

म्हणून नूतनीकरणाच्या निविदेत चौरस फुटांचा आकडा आधी वाचू नये. तुळईखालची मोकळी उंची, तळमजल्यावर चोवीस तास घेतलेली कंपनांची नोंद, गच्चीची वाहनक्षमता, वायूंच्या कोठीसाठी आवारात असलेली जागा आणि वीज गेल्यावर पंखे किती वेळ फिरत राहतील याचे उत्तर, हे आधी पाहावे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. पंखे थांबले की खोलीतला जादा दाब जातो आणि बाहेरची धूळ फटींतून आत येते. त्यानंतर सगळे पृष्ठभाग पुसून, हवा फिरवून खोली पुन्हा मूळ वर्गात आणावी लागते. या पंख्यांना रविवार नसतो आणि दिवाळीही नसते. इमारतीला एकदा अनुदान मिळते. तासाला 174 टन हवा फिरवणारे वीजबिल दर महिन्याला येते.

काम संपल्यावर मोजणी होते, तीही तीनदा. आंतरराष्ट्रीय प्रमाणक क्लीनरूमच्या तीन अवस्था मानते. पहिली, खोली नुसती बांधून झालेली, रिकामी. दुसरी, यंत्रे बसवून सुरू केलेली, पण माणसे नसलेली. तिसरी, प्रत्यक्ष काम चालू असलेली. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा मिनिटाला लाखभर कण हवेत सोडतो, चालू लागला की ते दशलक्षांत जातात; म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीत मोठी तफावत पडू शकते. उद्घाटनाच्या बातमीत बहुधा पहिला आकडा छापलेला असतो. तिसऱ्या मोजणीच्या वेळी कणमापक लिथोग्राफीच्या यंत्राशेजारी ठेवतात आणि पांढऱ्या पोशाखातले विद्यार्थी पिवळ्या उजेडात रोजच्यासारखे काम करत असतात.